बाहेरून चकाचक, आतून टक्कल!

पुण्यात आयटीची नोकरी, पार्किंगमध्ये सेकंडहँड का होईना पण जर्मन सेडान, आणि घर लोहारा तालुक्यातल्या सास्तूरला. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आईच्या हातचं जेवायला महिन्यातून एकदा गेलात, तरी वर्षाला आठ हजारांवर किलोमीटर याच रस्त्यावर. म्हणजे टायर रोटेशनची वेळ आलीच. आठ-दहा हजारांना ते करावं, असा साधारण हिशेब.

पण इथेच गोची आहे, बॉस. साध्या हॅचबॅकचे पुढचे टायर आधी घासतात. टायरवाला ते सरळ मागे टाकतो, मागचे क्रॉस करून पुढे घेतो, काम फत्ते. तुमच्या गाडीला हा फॉर्म्युला चालेलच असं नाही. बऱ्याच बीएमडब्ल्यू आणि एएमजी मर्सिडीजचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यांची पुढे-मागे अदलाबदल होत नाही. टायरवर दिशेचा बाण असेल, तर रिमवरून उतरवल्याशिवाय डावं-उजवंही नाही. मग सगळी भिस्त हवा आणि अलाइनमेंटवर.

वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहावी म्हणून अशा गाड्यांची चाकं वरच्या बाजूने किंचित आत कललेली असतात. त्यामुळे आतली कड जास्त घासते. त्यात हायवे सोडल्यावर एखाद्या खड्ड्यात चाक आपटून अलाइनमेंट बिघडलं, की बघायलाच नको. बाहेरून नक्षी झकास, आतून मात्र तारा दिसायला लागलेल्या! असा टायर शंभरच्या स्पीडला फुटला तर? समृद्धी महामार्गावर 2023 मध्ये आरटीओने गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगाच नाही.

तेव्हा स्टीअरिंग पूर्ण वळवून मोबाइलचा टॉर्च आतल्या कडेवर मारा. मागच्यांसाठी गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा, लाजू नका. खाचांमधले छोटे उंचवटे 1.6 मिलिमीटरचे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर बाद. दोन्ही कडा घासल्यात? हवा कमी. फक्त मधला पट्टा? हवा जास्त. दोनच टायर बदलणार असाल तर नवे मागे. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर मात्र चारही जवळपास सारखेच घासलेले हवेत, नाहीतर गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो.

आणि हो, रनफ्लॅट टायरच्या कित्येक गाड्यांना स्टेपनीच नसते. हवा गेल्यावर ते साधारण 80 च्या स्पीडने 80 किलोमीटर नेतात. नळदुर्गजवळ रात्री पंक्चर झालं तर घर गाठाल कदाचित, पण तुमच्या साइजचा टायर सोलापूरला तरी मिळतो का, ते निघण्याआधीच फोन करून विचारा.