ट्रॉलीला किल्ली नसते

ट्रॅक्टर पळवायचा तर किल्ली लागते. ती नसेल तर वायरी तोडून जोडाव्या लागतात, टाकीत डिझेल आहे का बघावं लागतं. ट्रॉलीला यातलं काहीच लागत नाही. इंजिन नाही, स्टेअरिंग नाही, दार नाही. त्यामुळे बंद करून ठेवावं असंही काही नाही. दांडीच्या टोकाला जाड लोखंडी कडी असते. ट्रॅक्टर मागे घ्यायचा, कडी हुकात आणायची, वरून पिन सोडायची आणि निघायचं. सरावलेला ड्रायव्हर हे काम अंधारातसुद्धा दोन-चार मिनिटांत उरकतो. हूक आणि पिनेची ही रचना गावोगाव जवळपास सारखीच आहे, म्हणून कुणाचाही ट्रॅक्टर कुणाचीही ट्रॉली ओढून नेऊ शकतो. शेतकऱ्याची ही मोठी सोय आहे आणि चोराचीही.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या ऊसपट्ट्यात ट्रॉली चोरीला जाण्याच्या बातम्या सतत येतात. बातमी चार ओळींची असते, नुकसान तेवढं लहान नसतं. आज साधी ट्रॉली बांधून घ्यायची तरी खर्च लाखाच्या पुढे जातो. हायड्रॉलिक असेल तर बराच पुढे. ऊस वाहतुकीचा करार केलेला असेल, तर कारखान्याकडून उचल घेतलेली असते आणि ती मुकादमामार्फत तोडणी टोळीला देऊन झालेली असते. हंगामाच्या तोंडावर ट्रॉली गेली की ट्रॅक्टर उभा राहतो, टोळी बसून राहते आणि हप्ता मात्र चालू राहतो. नवी बांधायला टाकली तर वर्कशॉपवाल्याकडे त्या दिवसांत आधीच रांग असते.

ही चोरी कुणाच्या लक्षात कशी येत नाही, असं शहरातल्या माणसाला वाटेल. रिकामी ट्रॉलीसुद्धा टनाच्या हिशेबात वजनदार असते. ती ढकलत नेता येत नाही, ट्रॅक्टर आणावाच लागतो आणि त्याचा आवाज लपत नाही. पण गाळप हंगामात रात्रभर रस्त्याने उसाची वाहनं चालू असतात. शिवारातही माणूस जागा असतो, कारण शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी पाळीपाळीने रात्रीच येते. अशा वेळी ट्रॅक्टरचा आवाज ऐकून कुणी उठून बघत नाही. शेजाऱ्याची खेप चालली असेल असंच वाटतं. हंगाम संपला की परिस्थिती उलटी होते. पावसाळाभर ट्रॉली बांधाच्या कडेला, चिंचेखाली, रस्त्यालगतच्या पडीक तुकड्यात उभी असते. मालक आठ-आठ दिवस तिकडे फिरकत नाही. ती नक्की कोणत्या रात्री गेली हेही मग सांगता येत नाही, आणि तपास तिथेच लंगडा होतो.

आता कुलपाचं. बाजारात मिळणारं कोणतंही कुलूप कापता येतं, हे आधी मान्य केलं पाहिजे. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर आज कुठेही मिळतो आणि तो बहुतेक लोखंड काही मिनिटांत कापतो. मग कुलूप लावायचं कशाला? त्या काही मिनिटांसाठीच. ट्रॅक्टरच्या आवाजाला कुणी बिचकत नाही, पण रात्री दोन वाजता ग्राइंडरची किरकिर आणि ठिणग्या कुणालाही ओळखू येतात. चोराला नेमकं ते नको असतं. त्याला ओळखीच्या आवाजाआड, घाईत, न थांबता काम करायचं असतं.

म्हणून पहिलं कुलूप लावायचं ते कडीला. कडीच्या भोकातून जाड दांड्याचं कुलूप आरपार घातलं की पिन आत जाऊच शकत नाही. कुलपाचा दांडा निदान बारा मिलिमीटर जाडीचा आणि कठीण केलेल्या पोलादाचा असावा. भोक मोठं असेल तर वर्कशॉपमध्ये एक गोल लोखंडी गट्टू बनवून घ्यावा. तो भोकात बसतो, दोन्ही बाजूंनी चकत्या येतात आणि कुलूप त्या चकत्यांच्या आत दडतं. वरून पाइपचा तुकडा वेल्ड करून टोपी केली तर ग्राइंडरची चकती दांड्यापर्यंत सहज पोहोचत नाही. फक्त किल्ली फिरायला आणि हात जायला जागा ठेवायची, हे वेल्डरला आधीच सांगावं.

कडीचं कुलूप एकटं पुरत नाही, कारण चोर दांडीलाच साखळी गुंडाळून ट्रॉली फरफटत नेऊ शकतो. चाकं फिरत असतील तोवर ट्रॉली जाते. तेव्हा दुसरा बंदोबस्त चाकाचा. डिस्कच्या भोकातून साखळी घालून ती चासीच्या आडव्या चॅनेलभोवती फिरवावी, म्हणजे चाक अर्ध्या फेऱ्यात अडतं. साखळी निवडताना बहुतेक जण चुकतात. हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारी मऊ लोखंडाची साखळी मोठ्या कटरने एका दाबात तुटते. कठीण पोलादाची, दहा-बारा मिलिमीटर कडीची साखळी महाग पडते, पण घ्यायची तर तीच. ती जमिनीवर लोळू देऊ नये. जमिनीवर टेकलेल्या कडीवर घण घालता येतो, कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून सगळं वजन दुसऱ्यावर टाकता येतं. साखळी वर आणि ताणून बांधली की या दोन्ही सोयी जातात.

झाडाला साखळी बांधण्यापेक्षा वस्तीजवळ एक कायमचा खांब करावा, असं माझं ठाम मत आहे. तीनेक फूट खड्डा, त्यात जाड चॅनेलचा तुकडा, खालच्या टोकाला आडवी पट्टी वेल्ड केलेली म्हणजे तो उपटून निघत नाही, वर साखळी जाईल अशी कडी आणि भोवती काँक्रीट. एका दिवसाचं काम आहे आणि पुढची कित्येक वर्षं ते उपयोगी पडतं. पावसाळ्यात कुलपात पाणी शिरून ते गंजतं आणि दोन महिन्यांत किल्ली फिरेनाशी होते. मग मालक कंटाळून कुलूप लावणंच सोडतो. जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा कापून कुलपावर झाकण म्हणून बांधला आणि महिन्यातून एकदा तेलाचे दोन थेंब सोडले, तर असं होत नाही.

ज्यांना एक रुपयाही खर्च करायचा नाही, त्यांच्यासाठी ट्रॉली उभी करण्याची पद्धत आहे. दांडी रस्त्याकडे तोंड करून कधीच ठेवू नये. ती भिंतीकडे किंवा गोठ्याकडे वळवावी, म्हणजे ट्रॅक्टर पुढे घालायला जागाच राहत नाही. दोन ट्रॉल्या असतील तर दांडीसमोर दांडी आणून दोन्ही कड्या एकमेकींना बांधाव्यात. दांडीखालचा जॅक काढून घरात ठेवावा; जमिनीवर पडलेली जड दांडी उचलून हुकात आणायला वेळ लागतो, कधी दोन माणसं जास्त लागतात. आणि चार महिने ट्रॉलीचं काम नसेल, तर एक चाक काढूनच ठेवावं. एक्सलखाली ओंडके किंवा दगडी चिरे रचावेत, चाक घरात न्यावं. असं केल्याने टायरही उन्हापावसात एका जागी दबून खराब होत नाही. चोरीवर याहून स्वस्त आणि याहून पक्का उपाय मला दिसत नाही. नुसती चाकंच काढून नेण्याचे प्रकारही होतात, तेव्हा राहिलेल्या चाकाच्या एका नटाला वेल्डिंगचा लहान टाका मारून ठेवतात तेही योग्यच. हंगामाआधी तो घासून काढता येतो.

रस्त्याच्या कडेला ट्रॉली सोडून जाण्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अंधारात, रिफ्लेक्टर नसलेल्या उभ्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळून माणसं मेली आहेत. चोरीची भीती नसती तरी ट्रॉली रस्त्यावर ठेवू नये.

ट्रॅकरची सध्या बरीच चौकशी होते. गाडीला लावायचा जीपीएस गाडीच्या बॅटरीवर चालतो. ट्रॉलीला बॅटरी नसते. त्यामुळे स्वतःची बॅटरी असलेला, एरवी झोपून राहणारा आणि हलल्यावर जागा होणारा प्रकार घ्यावा लागतो. त्यात सिमकार्ड असतं, म्हणजे शिवारात मोबाइलची रेंज असेल तरच तो निरोप देतो. चारही बाजूंनी लोखंडाच्या पेटीत कोंबला तर सिग्नल अडतो. चासीच्या आतल्या बाजूला, पण एक बाजू मोकळी ठेवून बसवावा. सामान शोधायचे छोटे ब्लूटूथ टॅग स्वस्त असले तरी ते आजूबाजूच्या फोनच्या आधाराने चालतात, आणि निर्जन शिवारात असे फोन कुठून येणार? ट्रॅकर ट्रॉली वाचवत नाही, ती कुठे गेली ते सांगतो. त्याचा निरोप आला की एकट्याने पाठलाग करू नये. ११२ वर फोन करावा. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा असेल तर एका कॉलवर नोंदवलेल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी आवाज जातो. आपला नंबर त्यात आहे का, हे आजच बघून ठेवावं.

इतकं करूनही ट्रॉली गेली, तर ती परत मिळणं एकाच गोष्टीवर अवलंबून असतं: ती आपलीच आहे हे सिद्ध करता येणं. आपण सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतो ते इथेच. चोरीची ट्रॉली दुसऱ्या तालुक्यात जाते, निळ्याची लाल होते, फाळके बदलतात, मागे वेगळं नाव रंगवलं जातं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ट्रॉलीचीही नोंदणी लागते. ट्रॉलीचा स्वतःचा क्रमांक तिच्या बाजूवर असायला हवा, आणि मागच्या बाजूला तिला ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा. म्हणजे मागे दिसणारा नंबर ट्रॉलीचा नव्हेच. ट्रॅक्टर बदलला की तो बदलतो. त्यातून गावच्या वर्कशॉपमध्ये बांधलेल्या कित्येक ट्रॉल्यांची नोंदणीच झालेली नसते. अशी ट्रॉली पोलिसांनी पकडली तरी मालक पुढे येऊन काय दाखवणार? सुपूर्तनाम्यावर ताबा घ्यायला कागद लागतो. कागद नाही म्हणून ठाण्याच्या आवारात सापडलेला माल गंजत पडतो, हे दृश्य आपल्याला नवीन नाही.

यावरचा उपाय वर्कशॉपमध्ये अर्ध्या तासात होतो. आकडे ठोकायचे पोलादी पंच असतात, शून्यापासून नऊपर्यंत. पत्रा घासून चकचकीत करायचा, पंच उभा धरायचा, हातोड्याचा एकच नेमका घाव. दुसरा घाव बसला तर आकडा दुहेरी उमटतो. आपल्या ट्रॅक्टरचा क्रमांक किंवा लक्षात राहील असा आकडा ट्रॉलीवर तीन ठिकाणी ठोकावा: दांडीच्या आतल्या बाजूला, एक्सलवर, आणि हौद्याखालच्या एखाद्या चॅनेलवर, जिथे वाकल्याशिवाय नजर जात नाही. वरून रंग मारून टाकावा. चोराने ग्राइंडरने आकडा घासला तरी घावामुळे खालच्या थरातलं लोखंडही दबलेलं असतं, आणि न्यायसहायक प्रयोगशाळेत रसायनं वापरून असे आकडे पुन्हा उठवता येतात. नुसत्या रंगात लिहिलेल्या नावाला ही ताकद नाही. मग या तिन्ही खुणांचे, दांडीवरच्या जुन्या वेल्डिंगचे, ठिगळाचे, वाकलेल्या फाळक्याचे फोटो काढून ठेवावेत. वर्कशॉपचं बिल जपावं. बिल घेतलं नसेल तर आता मागावं.

चोरी झाल्यावर त्याच दिवशी फिर्याद द्यावी. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी फिर्याद घेतली जाते, तिची प्रत मोफत मिळते, आणि ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला कलम ३०३ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचं. माल वाहून नेण्याच्या साधनाची चोरी मात्र कलम ३०५ मध्ये येते आणि तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. फिर्यादीत कोणतं कलम लागलं ते वाचून बघावं, विचारावं. ज्या रस्त्याने ट्रॉली गेली असेल त्यावरचे पेट्रोलपंप, दूध संस्था, ग्रामपंचायत यांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवायला लगेच सांगावं.

विम्याचं बहुतेकांना उशिरा कळतं. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचा आहे असं नाही. पॉलिसीत ट्रॉलीचा वेगळा उल्लेख, तिचा चासी नंबर आणि किंमत लागते, आणि नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. चोरीची खबर कंपनीला उशिरा दिली म्हणून दावा नाकारला गेला, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा गुरशिंदर सिंग प्रकरणातला निकाल दाखवावा. तो ट्रॅक्टर चोरीचाच खटला होता. फिर्याद तत्काळ दिलेली असेल, तर केवळ विमा कंपनीला कळवायला उशीर झाला या कारणावरून खरा दावा फेटाळता येणार नाही, असं तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात म्हटलं. फिर्याद मात्र वेळेत हवीच.

चोरीची ट्रॉली शेवटी कुणीतरी शेतकरीच विकत घेतो, हेही बोललं पाहिजे. बिनकागदाची ट्रॉली निम्म्या किमतीत मिळते तेव्हा ती कुठून आली असेल याचा अंदाज घेणाऱ्याला असतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आणि ती ट्रॉली ज्याच्या दारातून आली, त्याच्या घरी त्या वर्षी काय झालं असेल, हे ऊस लावणाऱ्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. स्वस्तात मिळणारी बिनकागदाची ट्रॉली घेऊ नका.

दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटतील आणि वर्कशॉपवाल्याला मान वर करायला फुरसत राहणार नाही. त्याआधी एक दिवस काढा, ट्रॉली वर्कशॉपला न्या आणि कडीचं कुलूप व तीन ठिकाणचे आकडे करून घ्या.