बंदुकीचे गिऱ्हाईक

पळस्प्याचा फाटा मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाला लागले की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो आणि थोड्याच वेळात शिरढोण येते. 4 नोव्हेंबर 1845 रोजी वासुदेव बळवंत फडके या गावात जन्मले. त्यांचा वाडा आणि स्मारक पाहायला शाळेच्या सहली येतात. मी मात्र तिथे गेलो होतो एका बंदुकीच्या कागदांसाठी. माझ्या मावशीचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांची भातशेती याच पट्ट्यात आहे. त्यांना दुनळी बंदूक घ्यायची होती. घेतलीही. पण अर्जापासून त्या बंदुकीचा पहिला धड बार निघेपर्यंत जे काही झाले, ते पाहताना मला वारंवार वाटत राहिले की या दुकानदारीचा उगम शोधायचा तर फडक्यांच्या काळात जावे लागेल.

फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 साली सुरू झाला, म्हणजे ते ज्या शहरात आकडे मांडत होते त्याच्या वेशीवरच काडतुसे तयार होत होती. 1876-77 च्या दुष्काळाने त्यांचा मार्ग ठरवला. रामोशी साथीदारांना घेऊन त्यांनी बंड उभारले आणि फेब्रुवारी 1879 मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला छापा घातला. त्याआधी त्यांनी पैसेवाल्यांकडे मदत मागून पाहिली होती. ती मिळाली नाही, म्हणून दरोड्यांचा मार्ग आला. पैसा हवा होता तो माणसांना पोसायला आणि शस्त्रांना. यातले शस्त्र मिळवणे त्याच सुमारास एकाएकी फार अवघड झाले होते. बंडाच्या अवघे वर्षभर आधी, 1878 साली, व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीत भारतीय शस्त्र कायदा मंजूर झाला होता.

या कायद्याची आठवण आपल्याकडे निःशस्त्रीकरणाचा कायदा म्हणून निघते, आणि ते बरोबरच आहे. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना सूट, ही त्यातली उघड अपमानाची बाब होती. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतून हा वांशिक भेद गेला. पण कायद्याची दुसरी बाजू फारशी कुणी पाहत नाही, आणि ती आजही जिवंत आहे. त्याने केवळ घेणाऱ्याला परवाना लावला नाही, विकणाऱ्यालाही लावला. परवान्याशिवाय शस्त्र बनवायचे नाही, विकायचे नाही, विकण्यासाठी दुकानात ठेवायचेही नाही. पूर्वी लोहार किंवा शिकलगार हा गावचा कारागीर होता. आता विक्रेता हा सरकारच्या मर्जीवर दुकान उघडणारा माणूस झाला. त्याच्या गल्ल्याइतकीच त्याची नोंदवही महत्त्वाची झाली.

याच्या उलट चित्र पाहायचे तर लंडनला जावे. तिथे 1870 च्या कायद्याप्रमाणे बंदुकीचे लायसन्स पोस्टात दहा शिलिंग भरले की मिळे. 1909 साली मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडल्या ते कोल्ट पिस्तूल त्यांनी होल्बर्नमधल्या गॅमेज या मोठ्या दुकानातून तीन पौंड पाच शिलिंगांना विकत घेतले होते. पुण्यात ज्याला साधी दुनळी घेता आली नसती असा हिंदी विद्यार्थी साम्राज्याच्या राजधानीत, काउंटरवर पैसे मोजून, इतर गिऱ्हाइकांसारखाच पिस्तूल घेऊन बाहेर पडू शकत होता! त्याच वर्षी सावरकरांनी इंग्लंडहून वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात धाडली, आणि डिसेंबरात नाशिकला जॅक्सनवर चाललेले पिस्तूल त्यांतलेच होते. तिकडे जी वस्तू विकत मिळत होती ती इकडे चोरून आणावी लागत होती. यातून इंग्लंडने काय धडा घेतला हा वेगळा विषय आहे. तिकडचे कायदेही पुढे कडक झालेच.

काँग्रेसने 1887 च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. 1931 च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला. मग घटना समितीत, 1948 च्या डिसेंबरात, ह. वि. कामत यांनी कराचीची आठवण देऊन तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. मला यात आंबेडकरांचीच बाजू पटते. ज्या देशात गावातली बंदूक बहुधा पाटलाच्या किंवा सावकाराच्या माडीवर असते, तिथे शस्त्राचा हक्क नेमका कोणाच्या हाती बळकट होईल हे सांगायला नको. पण हक्क नाकारल्यावर उरते ती परवानगी, आणि परवानगीचा कारभार कसा चालावा हा प्रश्न तेव्हा बाजूलाच राहिला.

1878 चा कायदा जाऊन 1959 चा आला आणि तो 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. हा कायदा लोक समजतात तितका निष्ठुर नाही. त्याच्या 13व्या कलमात असे म्हटले आहे की संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक कोणी मागितली तर परवाना द्यावा; आणि ठासणीची पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला वाटले तर दुसरी गुळगुळीत नळीचीही देता येते. 14व्या कलमात तर अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. गरीब शेतकऱ्याचा एवढा विचार करणारी वाक्ये आपल्या कायद्यांत फार नाहीत.

काकांच्या वडिलांकडे ठासणीचीच बंदूक होती. दारू भरा, चिंध्या ठासा, छर्रे घाला, पुन्हा ठासा, टोपी बसवा. एवढे होईपर्यंत रानडुकरांचा कळप बांध ओलांडून गेलेला असे. वडील गेल्यावर ती बंदूक जमा करावी लागली. परवाना माणसाच्या नावावर असतो, माणूस गेला की वस्तू घरात ठेवणे हाच गुन्हा होतो. वारसाला नव्याने अर्ज करावा लागतो. काकांनी तो केला, आणि ठासणीच्या जागी बारा बोअरची दुनळी मागितली. शिरढोण रायगड जिल्ह्यात असले तरी पनवेल तालुका पोलीस ठाणे नवी मुंबई आयुक्तालयात येते, आणि आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात. जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे की आयुक्तांकडे, हे कळण्यातच त्यांचा एक फेरा वाया गेला. मग सातबारा, चारित्र्य पडताळणी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, बंदूक कुलूपबंद ठेवण्याची हमी. 2016 च्या नियमांनी पोलीस अहवालाला आणि निर्णयाला मुदती घालून दिल्या आहेत. कागदावर त्या चांगल्या दिसतात.

परवाना हाती आल्यावर काकांना वाटले की अवघड भाग संपला. मला विचाराल तर तो दुकानातच सुरू झाला.

मुंबईतल्या एका जुन्या दुकानात आम्ही गेलो. काचेच्या कपाटात सातआठ बंदुका, त्यांना साखळी. "परवाना दाखवा," हे पहिले वाक्य. नमस्कार, बसा, काय हवे, यातले काही नाही. परवाना पाहून होईपर्यंत त्या माणसाने आमच्याकडे वर पाहिले नाही. तेव्हा मला राग आला होता. नंतर त्याची बाजू कळली. त्याने बिनपरवाना माणसाला विकले तर तो तुरुंगात जातो. रोजची विक्री आणि शिल्लक त्याला वहीत मांडावी लागते, पोलीस ती केव्हाही येऊन तपासू शकतात, आणि एक काडतूस कमी भरले तरी दुकानाच्या परवान्यावर गदा येते. त्याचे खरे गिऱ्हाईक ती वही तपासणारा आहे. आम्ही त्या वहीतली एक ओळ होतो.

निवड म्हणावी तर काही नव्हती. परदेशी शस्त्रांची व्यापारी आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे, त्यामुळे बाजारात जुन्या विलायती बंदुका हातोहात फिरतात आणि वर्षागणिक महाग होतात. देशी मालात रिव्हॉल्व्हर आणि रायफली प्रामुख्याने सरकारी आयुधनिर्माणींच्या. 2014 साली कानपूरहून 'निर्भीक' हे हलके रिव्हॉल्व्हर आले, दिल्लीतल्या अत्याचाराच्या पार्श्वभूमीवर स्त्रियांसाठी म्हणून, आणि त्याची किंमत होती 1,22,360 रुपये. ज्या परिचारिकेला रात्रपाळीहून एकटीने घरी यावे लागते तिच्या वर्षाच्या पगाराशी ही रक्कम ताडून पाहावी. दुनळ्या मात्र मुंगेर, जम्मू अशा ठिकाणच्या खाजगी छोट्या कारखान्यांतूनही येतात, आणि त्यांचे काम हाताहाताला बदलते.

बंदूक खांद्याला लावून पाहता आली. झाडून पाहायची सोय नव्हती. काकांनी विचारले, "बार नीट निघतो हे कसे कळायचे?" उत्तर मिळाले, "कंपनीने पास केलेली आहे." पैसे भरले, बंदुकीचा क्रमांक परवान्यावर चढला, विक्रेत्याची सही झाली. त्या सहीबरोबर वस्तू परत करण्याची वाट बंद होते हे आम्हाला ठाऊक नव्हते. शर्ट बदलून घेता येतो. बंदूक बदलायची तर परवान्यावरचा क्रमांक बदलावा लागतो, आणि तो दुकानदार बदलू शकत नाही. त्यासाठी पुन्हा अर्ज.

डाव्या नळीचा घोडा तिसऱ्यांदा ओढल्यावरच पडतो, हे घरी आल्यावर कळले.

ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत काका ग्राहकच आहेत. मोबदला देऊन स्वतःच्या वापरासाठी माल घेतला, मालात दोष निघाला. मिक्सर असो वा दुनळी, फरक नाही. मी त्यांना जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला सुचवले. ते हसले. "आणि उद्या परवाना नूतनीकरणाला गेलो, तर हा भांडकुदळ माणूस आहे, याच्या हाती बंदूक कशाला, असं नाही म्हणणार?" असे कोणी म्हणेलच असे नाही. पण मनाची शांतता, वागणुकीचा चांगुलपणा हीच ज्या कागदाची पात्रता आहे, तो कागद खिशात असलेला माणूस तक्रार करताना दहादा विचार करतो. सगळ्या व्यवहारात मला हीच गोष्ट सर्वांत बोचली. दुकानदाराला हे पुरते ठाऊक असते, आणि म्हणून त्याचा सूर बदलत नाही.

काडतुसांचीही तीच तऱ्हा. एका वेळी किती आणि वर्षाला किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेले असते. खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसे आम्ही मागितली. दुकानात त्या दिवशी नव्हती, पुढच्या महिन्यात या म्हणाले. खडकी मुंबईहून चार तासांवर. पण ग्राहकाने कारखान्याच्या दारात जाऊन उपयोग नाही. शिवाय एवढे करून काकांना डुक्कर मारता येत नाही ते नाहीच. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव कायद्याप्रमाणे त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. बंदुकीचा मुख्य उपयोग हवेत बार काढून कळप उधळणे हाच. पाडव्याच्या फटाक्यांनी तेही काम थोडेफार होते, असे मावशी म्हणते.

शिरढोणहून पळस्प्याकडे परत येताना मला दौलतराव नाईक आठवले. फडक्यांच्या या सहकाऱ्याने 10 आणि 11 मे 1879 च्या सुमारास पळस्पे आणि चिखली इथे छापे घालून सुमारे दीड लाखांची लूट मिळवली होती. घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठले आणि दौलतराव गोळीने पडले. दीड लाख रुपये हाती असूनही त्यांना गोळीबारासमोर टिकेल असे शस्त्र विकणारे दुकान या मुलखात नव्हते, हेच तर कायद्याचे यश होते. त्याच जुलैत फडके देवर नावडगी इथे पकडले गेले. पुण्यात खटला चालला, गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांची बाजू मांडली, आणि एडनच्या तुरुंगात 17 फेब्रुवारी 1883 रोजी त्यांचा अंत झाला.

बंड मोडायला केलेली ती यंत्रणा भात राखणाऱ्यालाही तशीच लागू राहावी का? मला बंदुकीचे दुकान किराणामालाच्या दुकानासारखे व्हायला नको आहे. अमेरिकेत तसे झाल्याचे काय होते ते आपण वाचतोच. पण परवाना देण्यापूर्वी जितकी कडक तपासणी करायची तितकी करून, ती पार पाडलेल्या माणसाला दुकानात एकदा गोळी झाडून पाहू द्यावी, सदोष माल ठरावीक दिवसांत बदलून मिळावा, आणि क्रमांकाची दुरुस्ती विक्रेत्याच्या अर्जावर व्हावी, एवढ्याने सार्वजनिक सुरक्षेला कोणता धोका पोचतो हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

लोकसभेची निवडणूक जाहीर झाली तेव्हा, मार्च 2024 मध्ये, ठाण्यातून फोन आला आणि बंदूक जमा करावी लागली. जूनमध्ये ती परत मिळाली. सप्टेंबरात काकांनी ती डाव्या घोड्याच्या दुरुस्तीसाठी मुंबईच्या त्याच दुकानात दिली, कारण परवानाधारक कारागीर जवळपास दुसरा नव्हता. 15 ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. भात तेव्हा पिवळे पडत आले होते. दुकानदाराने दुरुस्तीच्या पावतीवरच 'जमा' असा शिक्का मारून दिला आणि निकालानंतर या म्हणाला. काका त्या रात्रीपासून पत्र्याचा डबा आणि बॅटरी घेऊन माळ्यावर बसू लागले.