मोहरी तडतडली की कळतं
हैदराबादच्या तारनाक्यावर राष्ट्रीय पोषण संस्था आहे. 1918मध्ये कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था 1958मध्ये हैदराबादला आली. 'अ' जीवनसत्त्वाअभावी मुलांना येणारं अंधत्व रोखण्यासाठी दर सहा महिन्यांनी मोठा डोस पाजण्याची पद्धत इथल्याच संशोधनातून आली. 1970पासून ती देशात राबवली गेली.

पण ज्यांना दिसतच नाही, त्यांच्या ताटाचं काय? स्वयंपाक येत नसेल तर जेवण दुसऱ्याच्या सवडीने, आणि डब्यातलं मीठ-तेल डबेवाल्याच्या मर्जीने. संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शिकेनुसार दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं. चहाचा चमचा भरून वरून बोट फिरवलं, की साधारण तेवढंच राहतं; त्याला डोळे लागत नाहीत.

घरचे मात्र "राहू दे, भाजशील" म्हणत ओट्यापासून लांब ठेवतात. अडचण विस्तवापेक्षा या मायेचीच जास्त. विस्तव न बघताही सांभाळता येतो: भांडं आधी शेगडीवर नीट बसवायचं, मग गॅस पेटवायचा. तेलात मोहरीचा एकच दाणा टाकायचा. तो तडतडला की बाकीची. कुकरच्या शिट्ट्या तर डोळसही कानानेच मोजतात. आणि भाकरी? थापताना तिची जाडी हातालाच कळते, कडेपासून मध्यापर्यंत.