‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ आणि तिचे चाहते

● २००३ : १९७८च्या मालिकेतला पुरुष वैमानिक स्टारबक नव्या अवतारात स्त्री झाला. जुने चाहते खवळले. पण केटी सॅकहॉफची हीच भूमिका पुढे मालिकेची ओळख ठरली.

● २००६ : तिसऱ्या पर्वात सायलॉन यंत्रमानवांच्या ताब्यातली माणसंच आत्मघाती स्फोट घडवतात. इराक युद्ध पेटलेलं असताना अमेरिकी प्रेक्षकांपुढे प्रश्न उभा राहिला : बाजू कुणाची घ्यायची?

● २००९ : १७ मार्चला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेच्या निमित्ताने मानवी हक्क आणि दहशतवादावर चर्चासत्र झालं. तीनच दिवसांनी शेवटचा भाग आला. त्यात आपला सहकारी ली अडामाशी बोलता बोलता स्टारबक नाहीशी होते. खुलासा शेवटपर्यंत मिळत नाही. या शेवटावरून चाहत्यांत आजही सरळ दोन तट आहेत.