ऑइल काळं झालं म्हणजे वाया गेलं नाही

डहाणू तालुक्यातल्या सायवनहून कासा, चारोटी, उधवा किंवा तलासरी, कुठेही जायचं तर एसटीच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात मोटरसायकलच कामाला येते. बाजार, दवाखाना, कारखान्यातली पाळी, सगळं या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर चालतं. अशा भागात गाडीचं ऑइल घरच्या अंगणात बदलता येणं ही गरज आहे, आणि ते काम मुळीच अवघड नाही. घोटाळा होतो तो एका समजुतीमुळे: ऑइल काळं पडलं की ते गेलं. मेकॅनिकनं डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची काडी, बाहेर काढायची, बोटावर पुसायची, काळा डाग गाडीवाल्याला दाखवायचा आणि निकाल द्यायचा. ही तपासणी इतकी रूढ झाली आहे की तिच्यावर कुणी शंकाच घेत नाही. ती चुकीची आहे, आणि तिच्यामुळे ज्या गोष्टी खरोखर बघायला हव्यात त्या बघायच्या राहून जातात.

इंजिन ऑइल म्हणजे नुसतं तेल नसतं. त्यात धुणारी द्रव्यं मिसळलेली असतात. पेट्रोल जळताना तयार होणारी बारीक काजळी त्यांनी पिस्टनजवळून सुटी करायची आणि तेलातच तरंगत ठेवायची, कुठे थर साचू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. काजळी तेलात आली की तेल काळं दिसणारच. म्हणजे तो रंग काम चालू असल्याची खूण आहे. त्यातून उष्णतेनंही तेलाचा रंग गडद होतो, त्याचा वंगणाच्या ताकदीशी थेट संबंध नसतो. नवं ऑइल टाकून चारशे-पाचशे किलोमीटर होतात न होतात तोच ते पुन्हा काळं दिसतं आणि ‘डुप्लिकेट ऑइल दिलं’ अशी ओरड होते. त्याचं कारण गाडीच्या पुस्तिकेतच सापडतं. बहुतेक पुस्तिकांत ऑइलचे दोन आकडे असतात: बदलताना किती भरायचं आणि इंजिन पूर्ण खोलल्यावर किती भरायचं. दुसरा आकडा मोठा असतो. हा फरक म्हणजे ड्रेन बोल्ट काढल्यावरही इंजिनच्या कानाकोपऱ्यात राहणारं जुनं तेल. ते नव्यात मिसळलं की सोनेरी रंग जातो. यात कुणाची फसवणूक नसते.

रंगावर विसंबणं किती फसवं आहे हे दोन गाड्या शेजारी ठेवल्या की कळतं. एक गाडी रोज सायवनहून बोईसर-तारापूरच्या कारखान्यापर्यंत जाते. तिचं इंजिन पूर्ण तापतं, तेलात शिरलेली पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून जातं. दुसरी गाडी पाड्यावरून नाक्यापर्यंत आणि परत, दिवसातून चार वेळा. तिचं इंजिन तापायच्या आतच बंद होतं, म्हणून ओलावा आतच राहतो. जून ते सप्टेंबर इथे पाऊस धो धो असतो, ओहोळातून गाडी घालावी लागते, आणि मग हा प्रश्न आणखी वाढतो. दोन्ही गाड्यांची डिपस्टिक पुसली तर दोन्ही बोटं सारखीच काळी होतील. पहिलीचं तेल मात्र पुस्तिकेतल्या अंतरापर्यंत आरामात चालेल आणि दुसरीचं किलोमीटर कमी झाले तरी महिन्यांच्या हिशेबानं बदलावं लागेल. हा फरक बोटावरच्या डागात दिसत नाही, दुसरीकडे दिसतो. ऑइल भरायचं झाकण उघडा आणि त्याची आतली बाजू बघा. तिथे दुधाळ, चहाच्या सायीसारखा थर असेल तर तेलात पाणी आहे. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर तेल पातळ होत चाललं आहे. काढलेल्या तेलात उन्हात चमकणारा धातूचा चुरा दिसला तर इंजिनच्या आत झीज चालू आहे, तेव्हा मेकॅनिककडे गेलंच पाहिजे. या तिन्हींत रंगाच्या काळेपणाला काही स्थान नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं जे बघायचं, ते तर बघितलंच जात नाही: पातळी. या लहान इंजिनात एकूण तेल साधारण एक लिटर किंवा त्याहून कमी असतं. तेच पिस्टनला, गिअरला आणि क्लचला पुरतं, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनची उष्णताही तेच वाहून नेतं. त्यातलं २०० मिली जळालं किंवा गळालं, तर पाचवा हिस्सा गेला. उरलेलं तेल कितीही सोनेरी असलं तरी घाटाच्या चढावर दोघं-तिघं बसवून नेणाऱ्या गाडीला ते पुरत नाही. इंजिन जाम होतं ते बहुधा तेल कमी पडल्यानं. म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी पातळी बघावी. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर सरळ उभी करावी, दोन-तीन मिनिटं इंजिन चालवून बंद करावं, तेल खाली उतरायला दोन-तीन मिनिटं द्यावीत, डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी आणि वाचावी. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची पातळी खरी नसते. डिपस्टिक आटे फिरवून बसवून वाचायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक बदलतं. हिरोच्या जुन्या शंभर सीसी गाड्यांत ती न फिरवता टेकवायची असते. फिरवून वाचलं तर तेल आहे त्याहून जास्त दिसतं. पल्सरसारख्या गाड्यांना काचेची खिडकीच असते, तिथे हा प्रश्नच नाही.

‘लवकर बदललं तर बिघडतं काय?’ असं हमखास विचारलं जातं. इंजिनचं काही बिघडत नाही, खिशाचं बिघडतं. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत दर २,००० ला ऑइल टाकलं तर पाच वेळा बदलावं लागतं. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांची पुस्तिका पाच-सहा हजारांचं अंतर देते आणि मधे पातळी बघून टॉप-अप करायला सांगते. त्या हिशेबानं दोनदा पुरतं. रोजंदारीवर घर चालवणाऱ्याला तीन बाटल्यांचा फरक थोडा नाही. दुसरा आक्षेप जुन्या मेकॅनिकच्या अनुभवाचा, ‘दर दोन हजारांना ऑइल बदलायचंच’, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. पूर्वीची तेलं कमी टिकाऊ होती, कार्बुरेटरच्या गाड्यांत जादा पेट्रोल तेलात उतरायचं. त्या काळी दोन हजारांचा नियम शहाणपणाचा होता. आता तेलं सुधारली, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. नियम मात्र जुनाच राहिला. तिसरा आक्षेप धुळीचा: ‘आमचे रस्ते मातीचे, पुस्तिका शहरासाठी लिहिलेली.’ यात तथ्य आहे. पण धूळ इंजिनात शिरते ती मुख्यतः एअर फिल्टरमधून. तो फाटका, चुकीचा बसवलेला किंवा काढून टाकलेला असेल तर दर हजारालाही ऑइल बदलून सिलिंडर वाचणार नाही. फोमचा फिल्टर धुऊन, तेलाचा हात देऊन परत बसवता येतो. तेल लावलेला कागदी फिल्टर हवा मारून साफ करायचा नसतो, तो बदलायचाच असतो. धुळीच्या रस्त्यासाठी अंतर कमी करावं, हे मात्र पुस्तिकाही सांगतात.

बदलायची वेळ खरंच आली की काम असं. इंजिन थोडं गरम करावं म्हणजे कचरा तेलाबरोबर निघतो. ड्रेन बोल्ट बरोबर मापाच्या पान्यानं काढावा, वायसर नवा घालावा, आणि बोल्ट आधी बोटांनी आटे जुळवून फिरवावा. पान्यावर पाय देऊन आवळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: क्रँककेस अॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की ऑइलच्या बाटलीच्या कितीतरी पट खर्च येतो. ‘बाटलीतलं उरवायचं कशाला’ म्हणून सगळं ओतू नये. जादा तेल फेसाळतं, ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरपर्यंत जातं. महागडं कारचं ऑइल जास्त चांगलं असतं, हाही गैरसमज. मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, आणि कारच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं क्लच घसरतो. यासाठीच जपानमध्ये १९९८ साली जासो टी ९०३ हे मानक ठरलं. बाटलीवर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ बघा. ‘एमबी’ स्कूटरसाठी असतं. घट्ट ऑइल म्हणजे जास्त ताकद, हेही खोटं, पुस्तिकेतला ग्रेडच घ्यावा. रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन ‘धुणं’ बंद करावं, ते आत राहतं आणि नवं तेल पातळ करतं. जळकं ऑइल चेनला लावू नये, त्यात धातूचा कीस असतो. आणि घरी ऑइल बदललं की वॉरंटी जाते, हे अर्धसत्य आहे: वॉरंटीच्या मुदतीत ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणी करण्याची अट बहुतेक कंपन्या घालतात, ती पाळावी, पातळी बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

काढलेल्या तेलाचं मात्र काय होतं, याकडे दुर्लक्ष होतं. बांधावर ओतलं, कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासलं, ओहोळाकाठी सांडलं की संपलं, असं मानलं जातं. त्यात शिसं, जस्तासारखे धातू आणि जळकी विषारी द्रव्यं असतात. एका वेळच्या बदलातलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी बिघडवू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. तिथल्या कारचा बदल आपल्या बाइकच्या चौपट-पाचपट असतो हे धरलं तरी एका पाड्याची विहीर त्यात सहज येते. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, ते बंधन कारखान्यांपुरतं समजू नये. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेलही येतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी तेल उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून जुनं तेल रिकाम्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आणि नवं भरल्यावर तारीख व किलोमीटर साइड पॅनलच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहा. पुढच्या वेळी कुणी काळं बोट दाखवलं, तर आधी तो आकडा वाचून दाखवा आणि पातळी मोजायला सांगा.