विक्षिप्त वाटणारी कल्पना कधी तपासावी?

गैरसमज : ज्याला आज हसतात, तोच उद्या खरा ठरतो.

याला दाखला म्हणून डॉ. बॅरी मार्शल यांचं नाव हमखास पुढे येतं. अल्सर जिवाणूमुळे होतो असं ते सांगत होते, कुणी ऐकेना. शेवटी १९८४ मध्ये त्यांनी ते जिवाणू स्वतःच प्यायले आणि वैद्यकविश्व नमलं, अशी ही गोष्ट रंगवून सांगितली जाते.

वस्तुस्थिती : जिवाणू प्यायल्यावर मार्शल यांच्या जठराला सूज आली, अल्सर झाला नाही. डॉक्टरांचं मत फिरलं ते दुसऱ्याच गोष्टींमुळे. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या तपासणी-तुकड्यांत वाकडे जिवाणू दिसले. ते कुणालाही सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत होते. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत नमुने ठेवलेल्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जिवाणू वाढवताही आले. मग खरी कसोटी आली : जिवाणू मारले, तर अल्सर परत येतो का? १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जिवाणू टिकून राहिलेल्यांपैकी ८४ टक्के रुग्णांचा अल्सर उलटला, जिवाणू गेलेल्यांमध्ये हे प्रमाण २१ टक्के होतं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने हे जिवाणू असलेल्या अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविकं देण्याची शिफारस केली. मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. आपण चुकत असलो तर ते कशावरून कळेल, हे त्यांच्या म्हणण्यातच होतं. मला तरी याहून महत्त्वाची खूण दिसत नाही. टिंगल तर निराधार दाव्यांचीही होते.

गैरसमज : मोठा शास्त्रज्ञ बोलतोय, म्हणजे तथ्य असणारच.

वस्तुस्थिती : मार्टिन फ्लाइशमन हे नामांकित विद्युतरसायनतज्ज्ञ. २३ मार्च १९८९ रोजी त्यांनी आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी युटामध्ये पत्रकार परिषद घेऊन, साध्या तापमानाला अणुकेंद्रकांचं संमीलन घडवल्याचं जाहीर केलं. दावा मोजता येण्याजोगा होता, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा लगेच कामाला लागल्या, आणि ते योग्यच झालं. पण सांगितली तेवढी उष्णता संमीलनातून आली असती, तर न्यूट्रॉनचा घातक मारा व्हायला हवा होता. तसा तो कुणालाच आढळला नाही.

गैरसमज : दखल घेतली म्हणजे मान्यता दिली.

वस्तुस्थिती : डॉ. जयंत नारळीकरांचा फलज्योतिषावर विश्वास नव्हता. तरीही २००८ मध्ये त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह महाराष्ट्रात त्याची रीतसर चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, अशा दोनशे जणांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका देऊन, कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. अठ्ठावीस बरोबर आल्या तर यश, हा निकष आधीच ठरला होता. निकाल पाहून निकष ठरवला, तर कुठलीही कल्पना पास करता येते किंवा नापासही. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. त्यांची सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवून ठरवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. सर्वांत चांगला आकडा चाळीसपैकी चोवीस होता. ज्योतिषांच्या एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासायला घेतल्या, त्यांच्या १०२ बरोबर आल्या.