ट्रॅक्टरची लिफ्ट थकली : दुरुस्त करावी की ट्रॅक्टर बदलावा?



जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट सहसा एका दिवसात बंद पडत नाही. ती हळूहळू थकते. सकाळी नांगर झटकन उचलते, दुपारी अडखळते आणि दिवस कलताना बांधाशी वळायचे म्हटले की दांडा कितीही ओढा, नांगर जागचा हलत नाही. हे दुखणे नेमके मृगाच्या तोंडावर उपटते. घाईघाईने मिस्त्री बोलावला जातो. तो म्हणतो, "सगळी लिफ्ट खोलावी लागेल." मग घरात दोन तट पडतात. वडीलधारे म्हणतात दुरुस्त करू, तरुण पोरे म्हणतात विकून टाकू आणि नवा घेऊ. अशा वेळी घाईने 'हो' म्हणू नये आणि 'नाही'ही म्हणू नये. आधी दुखणे नेमके कुठे आहे ते ओळखावे, मग पैशाचा हिशेब मांडावा.

लिफ्टचे पोट कसे चालते?

हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश कारागिराने नांगर तीन ठिकाणी जोडून तो ऑईलच्या दाबाने उचलण्याची पद्धत बसवली. तिचा ट्रॅक्टर १९३६ साली इंग्लंडमध्ये विक्रीला आला. आपल्याकडच्या ट्रॅक्टरांची लिफ्टही मुळात त्याच पद्धतीची आहे. पंप ऑईल ढकलतो, व्हॉल्व्ह त्याला वाट देतो, सिलिंडरमधला पिस्टन सरकतो आणि मागच्या दांड्या वर उचलल्या जातात.

यातला दाब किती असतो ते पाहा. समजा, पिस्टनचा व्यास ८ सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब आला, तर पिस्टनवर साडेसात हजार किलोंचा जोर पडतो. एवढ्या जोरापुढे रबरी रिंगेला केसाएवढी चीर गेली तरी ऑईल तिथून निसटते. चढलेले ऑईल पातळ होते आणि जास्तच निसटते. लिफ्ट सकाळी चालते आणि दुपारी रुसते, त्याचे कारण बहुधा हेच.

मिस्त्री बोलावण्याआधी

'आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला' असे होऊ नये म्हणून पुढच्या गोष्टी घरीच तपासा.

१) ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा, लिफ्ट पूर्ण खाली ठेवा आणि ऑईलची पातळी बघा. ऑईल कमी असेल तर पंप हवा ओढतो. लिफ्ट हिसके देते आणि पंप कण्हल्यासारखा आवाज करतो.

२) ऑईलचा रंग बघा. ते दुधासारखे पांढरट झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे. भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांना हा धोका जास्त. असे ऑईल पूर्ण काढून बदलावे आणि पाणी कुठून शिरले तेही शोधावे.

३) ऑईलची गाळणी काढून धुवा किंवा बदला. तुंबलेल्या गाळणीमुळे चांगला पंपही उपाशी राहतो.

४) मॅसी फर्ग्युसन जातीच्या जुन्या ट्रॅक्टरांत पीटीओचा दांडा मधल्या जागी राहिला तर पंप फिरतच नाही. दांडा जागेवर आहे ना, ते आधी बघा.

५) अवजाराचे वजन पाहा. लिफ्ट किती किलो उचलते ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. अवजाराचा भार जितका मागे लोंबतो तितकी उचलण्याची ताकद कमी होते. लहान ट्रॅक्टरला मोठा रोटाव्हेटर लावला तर दोष लिफ्टचा नसतो.

ऑईल कोणते घालायचे तेही पुस्तिकेत पाहूनच ठरवा. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर आणि लिफ्ट यांचे ऑईल एकच असते. त्यात इंजिनचे जळके ऑईल ओतणे म्हणजे धडधाकट जनावराला विष पाजणे होय.

दुखणे पंपाचे की सिलिंडरचे?

आता एक सोपी परीक्षा. अवजार जोडून लिफ्ट वर घ्या, इंजिन बंद करा आणि दांडीची उंची काठीवर खूण करून ठेवा. काठी बाजूला उभे राहून धरा. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. अवजार बरेच खाली बसले असेल तर दाब पिस्टनच्या रिंगेतून किंवा व्हॉल्व्हमधून निसटतो आहे. इंजिन चालू असताना अवजार सारखे थोडे बसते आणि पुन्हा उचलले जाते, ही त्याचीच खूण. अवजार जागेवर राहते, पण मुळात उचलतानाच, विशेषतः ऑईल तापल्यावर, वेळ लागतो; तर संशय पंपावर घ्यावा. पक्के निदान दाबाचे मीटर लावून करावे. मीटर नसलेल्या मिस्त्रीने अंदाजाने सगळे खोलायला काढले तर त्याला थांबवा.

हा फरक खिशाच्या दृष्टीने मोठा आहे. रबरी रिंगा आणि सील यांची किंमत थोडी असते. मजुरी मात्र जाते, कारण सीटखालचे झाकण उचलावे लागते. पंप इंजिनच्या बाजूला बाहेर बसवलेला असेल तर बदलणे सोपे. तो आत ऑईलमध्ये बुडालेला असेल तर काम वाढते. पंपाच्या अंगावर चरे पडले असतील तर नुसती सील बदलून भागत नाही. जुन्या ऑईलमध्ये लोखंडाचा चमकता कीस सापडला, तर गिअर आणि बेअरिंगही तपासून घ्या आणि सगळे घर धुऊन काढल्याशिवाय नवा पंप बसवू देऊ नका.

हिशेब वहीत मांडा

दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या आणि घरातल्या सगळ्यांनी, कारभारणीनेही, एकत्र बसून तीन प्रश्न विचारा. इंजिन, क्लच, गिअर धड आहेत का? सुटे भाग मिळतात का? वर्षाला या ट्रॅक्टरला काम किती?

सुट्या भागांचा प्रश्न हलका समजू नका. पिंजोरचा एच. एम. टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली. कारखाना बंद झालेल्या ट्रॅक्टरचे भाग तालुक्याला मिळतात की दूरच्या शहरातून मागवावे लागतात, हे खोलण्यापूर्वीच विचारून घ्या.

आता आकडे. हे केवळ उदाहरणाचे आहेत. तुमचे तुम्ही घाला. समजा दुरुस्तीला ४० हजार लागणार आणि ट्रॅक्टर आणखी चार वर्षे चालेल. म्हणजे वर्षाला १० हजार पडले. नव्यासाठी ५ लाख कर्ज १० टक्क्यांनी काढले, तर पहिल्या वर्षी नुसते व्याजच ५० हजारांच्या आसपास जाते. इंजिन धड असेल तर दुरुस्ती उघडच स्वस्त. पण तेच इंजिन ऑईल पीत असेल, गिअर सुटत असेल, तर लिफ्टवरचे ४० हजार म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तिसरी वाटही आहे. ट्रॉली ओढायला लिफ्ट लागत नाही. शेत थोडे असेल तर जुना ट्रॅक्टर ऊस, शेणखत, धान्य वाहायला ठेवावा आणि नांगरट, पेरणी भाड्याने करून घ्यावी. मात्र पेरणीच्या ऐन घाईत भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळेल का, हे गावातला अनुभव पाहून ठरवा. वाफसा कोणासाठी थांबत नाही.

खोलायचे ठरले तर

काम रब्बीची रास घरात आल्यावर, उन्हाळ्यातच काढा. मळणीच्या धुळीत लिफ्ट खोलू नका. मातीचा एक कण नव्या पंपाला पुरे होतो. अंदाजापेक्षा खर्च वाढत असेल तर विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे मिस्त्रीला आधीच सांगा. काढलेले जुने भाग परत मागा. पैसे देण्यापूर्वी अवजार जोडून तासभर शेतात चालवा आणि ऑईल तापल्यावर काठीची परीक्षा पुन्हा घ्या.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. उचललेल्या अवजाराखाली कोणीही जायचे नाही. फाळ बदलायचा असला तरी आधी अवजार जमिनीवर किंवा भक्कम ठोकळ्यावर टेकवा. पोरांना जवळ फिरकू देऊ नका. पाइपातून गळती कुठे आहे ते हाताने चाचपू नका. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. दाबाचे ऑईल सुईसारखे कातडीत शिरते. वरून जखम टाचणीएवढी दिसली तरी आतले मांस सडू शकते, म्हणून तासाचाही उशीर न करता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे. दुरुस्तीचे पैसे एखाद्या पिकात भरून निघतील. गेलेला हात परत येणार नाही.